नागलीचे सात दाणे

"अंटार्क्टिका ही अखिल मानवजातीची भूमी आहे. तिच्यावर कोणाचीही मालकी नाही!" कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं. त्याला लागूनच दुसरी सूचना आली. अखिल मानवजातीने बूट घासून, खिसे उलटे करून रांगेत उभं राहावं.

रांगेत शेवटचा सुकऱ्या. मोखाड्याजवळच्या पाड्यावरचा, जहाजाच्या धुलाईखान्यात कामाला. त्या भूमीवर बाहेरचं बी पडता कामा नये, म्हणून प्रवाशांच्या कोटांतली कुसळं वेचायचं कामही त्याच्याकडेच. ही तिसरी खेप. पण खाली उतरायला कधी मिळालं नव्हतं. आज कामगारांना दहा मिनिटं होती. बायकोने, पोशीने, फोनवर बजावलं होतं, "बर्फावर उभा राहून फोटो काढ. पाड्यावर सगळी म्हणतात, सुकऱ्या भिवंडीला आहे."

पर्यावरण अधिकारी मंजुषा मॅडम पुण्याच्या. त्यांनी सुकऱ्याचा कोट चाचपला. अस्तरात काहीतरी टोचलं. टाके उसवले, तर नागलीचे सात दाणे.

दुसऱ्यांचे कोट झटकणारा सुकऱ्या ओशाळला. "पोशीनं शिवलं असंल, मॅडम. दाण्यात कणसरी देवी असते, ती संगती असली की परमुलखात माणूस उपाशी राहत नाही, म्हणते."

"कुठली नागली?"

"आमच्याच माळावरची."

त्या जंगलातल्या माळावर आजोबापासून नागली होते. जमीन नावावर व्हावी म्हणून केलेला दावा तीनदा परत आला. पाहणीला माणसं येतात ती वैशाखात. उघडा माळ बघतात, घाम पुसतात आणि लिहितात, 'जागेवर पीक आढळले नाही.'

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "हे बघा भाऊ, नियमाने मला नोंद करावी लागेल. काय सापडलं, कोणाच्या शेतातलं, सगळं, सहीशिक्क्यानिशी. मग तुम्हाला उतरता येणार नाही. त्यापेक्षा दाणे भट्टीत टाकते. मी काही पाहिलंच नाही. जा, फोटो काढून या."

सुकऱ्या शिडीपर्यंत गेला. खाली बर्फावर पेंग्विन उभे होते. त्यांच्याकडे कोणी कागद मागत नव्हतं. तो जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि माघारी आला.

"नोंद करा, मॅडम."

"अहो, आणि फोटो?"

"राहू द्या. भिवंडीला तर भिवंडीला."

मॅडमनी कपाळाला आठ्या घालून लिहिलं, सही केली, शिक्का मारला. सुकऱ्याने त्यांना मजकूर वाचून दाखवायला लावला. 'सुकऱ्या यांच्या शेतातील नागली' एवढं दोनदा वाचायला लावलं. मग कोट काढून हातावर घेतला आणि हळूच विचारलं,

"मॅडम, याची एक झेरॉक्स मिळंल का?"