डोळे मिटून

"चला, डोळे मिटून प्रार्थना करू या," मिशन इस्पितळातल्या खाटेशी उभे राहून पाळकसाहेब सवयीनं म्हणाले.

खाटेवरच्या शलोमीबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "मिटू नका, पाळकसाहेब. तुमची प्रार्थना म्हणजे मालगाडी! काल शेजारच्या खाटेवरची मधेच गेली, तुम्हाला पत्ताच नाही. मी जाताना कुणीतरी बघत असायला हवं."

इतक्या वर्षांत कितीतरी जणांना पाळकसाहेबांनी देवाच्या हाती सोपवलं होतं. जाताना मात्र एकालाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडे ठेवून, अडखळत प्रार्थना सुरू केली. शलोमीबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. आमेन म्हणायच्या आधीच त्या नजरेतलं पाहणं थांबलं.

तेव्हापासून जेवणाआधीच्या प्रार्थनेतही पाळकसाहेबांना डोळे मिटवत नाहीत. मिटले, की शलोमीबाई बघत असतात.