बाबांची वेबसाइट

"नाव टाकून शोधलं तरी बाबांची वेबसाइट दिसत नाही!" मृण्मयी फोनवर अक्षरशः ओरडली. कुडाळातल्या वडिलांच्या हार्मोनियम दुरुस्तीच्या दुकानासाठी तिने ती हौसेने करून घेतली होती. बनवणारी अपूर्वा दर वेळी तेच सांगे, "नवीन आहे ताई, वेळ लागतो."

शेवटी वैतागून मृण्मयीने स्वतःच साइटचं सेटिंग उघडलं. 'ही साइट शोधात दाखवू नये' या ओळीपुढे टिक होती. तिने ती काढली. दुसऱ्या दिवशी टिक पुन्हा हजर!

"अगं, हा काय खेळ लावलायस?"

अपूर्वा चाचरली. "काकांनीच सांगितलंय. तुम्हाला कळू देऊ नको म्हणाले."

मृण्मयी तरातरा दुकानात गेली. "बाबा, गिऱ्हाइकं नकोत का तुम्हाला?" त्यांनी मान वर केली नाही. तिला तेच मोठ्याने विचारावं लागलं.

"वरचे सूर ऐकू येत नाहीत गं आता," ते म्हणाले. "लांबून कुणी पेटी घेऊन आलं आणि मी बेसुरी करून दिली तर?"

"मग मला सांगायचं ना! मी गाणं शिकवते, ते काय उगाच?" ती चिडूनच त्यांच्यासमोरच्या पेटीशी बसली. भाता मारून तिने वरची पट्टी दाबली. "हा सूर उतरलाय."

त्यांनी त्या सुराची पितळी रीड काढून घासली, परत बसवली.

"अजून थोडा."

पुन्हा घासल्यावर तिने नुसती मान डोलावली. बाबांनी कानस खाली ठेवली.

"अपूर्वाला फोन लाव," ते म्हणाले. "दिसू दे म्हणावं."