एकाच कामाची दोन नावं

अकोल्याची शाइस्ता घरी बसून लिनक्स या संगणक प्रणालीच्या एका वितरणाची पॅकेजं, म्हणजे त्यातले प्रोग्राम, सांभाळायची. पॅकेज बांधताना त्यातले काही भाग चालू-बंद करता येत. एकाच भागाला कुठे ‘आवाज’ म्हणत, कुठे ‘ध्वनी’. ती सगळीकडे एकच नाव करत होती.

२००६च्या उन्हाळ्यात एका दुपारी लोडशेडिंग संपलं आणि एका पॅकेजमध्ये तिला चालू-बंद करायचे दोन पर्याय दिसले: ‘शाइस्ता’ आणि ‘यास्मीन’. खाली लिहिलं होतं, दोन्हींचं काम एकच, एक काढा.

यास्मीन तिची धाकटी बहीण. शेजारच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती.

हा चावटपणा अमरावतीच्या शेखरचाच, सोबत काम करणारा तोच एक. तिनं फोन लावला.

“शेखरभाऊ, माझ्या बहिणीचं नाव काहून टाकलं?”

“म्या त्याले हात नाही लावला. अन् तुले बहीण आहे, हे मले आत्ताच समजून राहिलं.”

खोटं बोलतोय, असं म्हणत तिनं फोन ठेवला. बहिणीचं नाव पुसायला हात धजेना, म्हणून रागारागात तिनं स्वतःचंच पुसलं.

शेजारची मशीन थांबली.

स्वयंपाकघरातून अम्मीनं हाक मारली, “यास्मीन!”

“आले, अम्मी,” शाइस्ताच्या तोंडून आपसूक निघालं. आवाज यास्मीनचा होता.