गाडी बदला

"जंक्शनवर गाडी थांबली नाही, असं कधी झालंय?" म्हणत तुळशीराम भजीवाला हार घेऊन फलाटाच्या टोकाला गेला.

आजवर छोट्या लाईनचे उतारू इथं गाडी बदलायचे. मोठी गाडी येईपर्यंत त्याची भजी खायचे. लोकांचा हा त्रास बंद करा, मोठी लाईन थेट पुढे न्या, म्हणून उपोषणाला तोच बसला होता.

बँड वाजला. पहिली थेट गाडी धुरळा उडवत न थांबताच निघून गेली.

"मास्तर, ही थांबली का नाही?"

"कशाला थांबेल? आता गाडी बदलायचीय कुणाला?" स्टेशनमास्तर हसले. "तो हार पाटीला घाला. उद्या तिच्यावरचं 'जंक्शन' पुसणार आहेत."

मागून बायकोनं हाक मारली, "अहो, उतरली का माणसं? टाकू घाणा?"