आईची परीक्षा

वाचनालयाची वेबसाइट तयार करणाऱ्या चौघा विद्यार्थ्यांच्या गटात लेकीचाच शब्द चालायचा. सरांची अट एकच होती: ज्याला साइट खरोखर वापरायची आहे, त्याच्या हातात द्या आणि तो वापरत असताना कुणी चकार शब्द काढू नका.

तिने आईला वर्गात आणलं. "हिला जमलं, तर कुणालाही जमेल," ती गटाला हसत म्हणाली. घरी आईच्या फोनवरचं सगळं तीच उरकायची. आईने फोन हातात घेतला रे घेतला की लेक म्हणायची, "आण इकडे, तुला नाही जमायचं."

आईला एक पुस्तक राखून ठेवायचं होतं. तिने साइटवरच्या त्या पुस्तकाच्या चित्रावर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने ओठ घट्ट मिटले.

"पुस्तक हवंय, तर माणूस पुस्तकावरच बोट ठेवणार ना?" आई पुटपुटली.

चौघांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. आईने पुन्हा चित्र दाबलं, पान उघडलं, आणि बघता बघता पुस्तक तिच्या नावावर राखलं गेलं. गट खूश झाला. आई मात्र स्वतःचा फोन काढून त्यात डोकं घालून बसली.

"मावशीकडे जायचं तिकीट काढतेय."

"थांब, मी काढून देते."

"नको," आई मान वर न करता म्हणाली. "मला जमत नव्हतं असं नाही गं. तू कधी थांबलीच नाहीस."