माल पुरत नाही

"वाच. मोठ्याने वाच," सर्वेशने मोबाइल सीतारामच्या नाकासमोर धरला.

सीतारामने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "'आधी डोळे झाकून हीच बिअर मागवायचो. आता एका खेपेला बरी, पुढच्या खेपेला तोंडात धरवत नाही. ब्रुअरीवाले झोपलेत काय? दोन स्टार.' खाली विकी, कांदिवली असं लिहिलंय."

"झोपलेत काय म्हणे! ऐकलंस?"

ऐकायला गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं. अंधेरीच्या या गाळ्यात चार वर्षांपूर्वी सर्वेश आणि त्याची बायको मनाली यांनी बिअर बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून सीताराम त्यांच्याकडे होता. अ‍ॅपवर त्यांच्या बिअरला पाचपैकी चार पूर्णांक सहा स्टार होते. गेल्या सात महिन्यांत ते तीन पूर्णांक एकवर आले. आज सकाळी जुहूच्या हॉटेलचा मॅनेजर फोनवर म्हणाला होता, शुक्रवारचा माल असाच आला तर तुमच्या बिअरचा नळ काढून दुसऱ्याचा लावतो. निम्मा माल जुहूलाच जायचा. जुहू गेलं की गाळ्याला कुलूप.

सर्वेश सगळ्यांशी भांडून झाला होता. जवाचा मॉल्ट पुरवणाऱ्याला त्याने गोडाउनमध्ये जाऊन शिव्या घातल्या. पाणी दोनदा तपासून घेतलं. विकीला तर त्याने सरळ लिहिलं, तुझ्या जिभेला लकवा मारलाय, डॉक्टरला दाखव. त्यावर अ‍ॅपने त्याचंच खातं आठ दिवस बंद ठेवलं. आता भांडायला एकटा सीताराम उरला होता.

"मी चार वर्षं तीच बिअर शिजवतोय," सर्वेश म्हणाला. "तोच मॉल्ट, तेवढाच वेळ, तेवढंच तापमान. माझ्यात काही बदललं नाही. मनाली गेली आणि तुला मोकळं रान मिळालं. पाइप तरी धुतोस का?"

पंचावन्न वर्षांच्या सीतारामकाकांना तो आज पहिल्यांदाच अरेतुरे करत होता.

शिजवणं सर्वेशचं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. पुढचं सगळं मनाली बघायची. टाकीत बिअर मुरवणं, केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या पिंपांत, भरणं, गाडी लावून पबना पोचवणं. हाताशी सीताराम. सात महिन्यांपूर्वी डेंग्यूने ती नऊ दिवसांत गेली. तेव्हापासून ते काम सीताराम एकटाच ओढत होता.

"पाइप रोज धुतो, शेठ."

"मग ती असताना असं का झालं नाही? तेव्हा माल पुरत नव्हता. पबवाले फोनवर फोन करायचे आणि ती सांगायची, संपला, आता पुढच्या आठवड्यात. नवीन टाकी घ्यायला निघालो होतो मी! आणि आता कोणी विचारत नाही. ही दोन नंबरची टाकी केगमध्ये भर, जुहूला पाठव आणि उद्यापासून येऊ नकोस."

सीतारामने टाकीवर हात ठेवला. "ही भरू?"

"मराठीत सांगितलं ना? भर."

"वैनी असत्या तर ही भरली नसती."

"तिचं नाव घेऊ नकोस."

"घेतो. काढलंच आहे मला, आता कोणाला भ्यायचं? माल संपत नव्हता, शेठ. दर तिसरी-चौथी टाकी वैनी गटारात सोडायच्या. सकाळी सातला, तुम्ही यायच्या आत. नळ मीच उघडायचो. चांगली असेल तेवढीच केगमध्ये जायची."

"खोटं बोलतोस."

"कधीकधी बिअरला लोण्याचा वास लागतो. वैनी चार दिवस थांबून बघायच्या. वास उतरला नाही की सोड म्हणायच्या. वर मला दम, काका, त्याच्यापाशी बोलायचं नाही. हात बिचकेल त्याचा."

 गेल्या वर्षी पवईला नव्या ब्रुअरीवाल्यांसमोर सर्वेशने भाषण केलं होतं. दर वेळी तीच चव यायला अंगात शिस्त लागते, असं तो बोलला होता. पहिल्या रांगेत बसून मनाली टाळ्या वाजवत होती. आता तिच्याशी भांडायचीही सोय नव्हती.

"सात महिने तोंड शिवलं होतं तुझं?"

"दर टाकीला विचारलं, भरू? तुम्ही चव घ्यायचात आणि म्हणायचात, भर. आजही विचारलं."

सर्वेशने टाकीखाली ग्लास धरून अर्धा भरला. हुंगला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"कुठाय लोणी?"

सीतारामने ग्लास नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. "आठ दिवस झाले. आता वास नाही उतरायचा."

"अरे, पण कुठाय?"

"वैनी म्हणायच्या, काही माणसांना तो वास येतच नाही. तुम्हाला येत नाही."

सर्वेशने ग्लास काठोकाठ भरून घेतला. कोणाला तरी फेकून मारावा तसा तो हातात घट्ट धरला. मग म्हणाला, "काका, सरका."

तो उकिडवा बसला आणि दुसऱ्या हाताने नळ पूर्ण सोडला. पाचशे लिटर बिअर धो धो गटाराच्या जाळीवर आदळली आणि फेस दारापर्यंत आला. सीतारामने झाडूने तो गटाराकडे लोटला. टाकी रिकामी होईपर्यंत सर्वेश तिथेच बसून राहिला. हातातला ग्लास त्याने शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

त्याच्या जिभेला विचारलं तर इतकी चांगली बिअर त्याने चार वर्षांत बनवली नव्हती.