मंगळसूत्राखालचा रुमाल

वैष्णवीच्या गळ्याभोवतीचं कातडं सोललं होतं, लस येत होती. अंगात उष्णता झाली म्हणून सासू रंभाबाईनं सब्जा पाजला, चंदन थापलं. शेवटी सोलापुरात डॉक्टरकडं नेलं.

"उष्णता नाही ही. मंगळसूत्र खोटं आहे ना? त्या धातूची ॲलर्जी आहे. काढून ठेवा, बरं होईल."

"नवरा धडधाकट असताना काढायचं?" रंभाबाई कडाडली. "मलम द्या की!"

मलम घेऊन दोघी एसटी स्टँडवर आल्या. वैष्णवीनं मंगळसूत्राखाली रुमाल सारला.

"आत्या, झोपताना तरी काढू का?"

रंभाबाईनं स्वतःच्या रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला.

"सोस की गं. मलाबी लई व्हायचं. तुझा सासरा गेला, तवा कुटं बरं झालं."